मोजून थांबणारा वारा

आमच्या केडगावच्या घरात एसी आला तो गुऱ्हाळामुळे. हे लोकांना पटत नाही. शेजारपाजारच्या बायकांना वाटतं, हिचा नवरा दौंडला रेल्वेत, पोरगा पुण्यात कमावता, म्हणून हिला आता खिडकीतलं वारं बाधायला लागलं. त्यांना मी म्हणते, एकदा दुपारी चहाला या आणि माझ्या पश्चिमेच्या खिडकीशी बसून प्या. कपात आधी साय धरते की काजळी, ते बघू.

गुऱ्हाळ आमच्या घरापासून दोन शेतं सोडून आहे. गुऱ्हाळ म्हटलं की ज्यांच्या तोंडाला पाणी सुटतं त्यांनी हल्लीची गुऱ्हाळं पाहिलेली नाहीत. पूर्वी चुलाणात उसाची चिपाडं जळायची. आता कुठून कुठून गाड्या भरून प्लास्टिक येतं, फाटक्या चपला येतात, गाद्यांचे तुकडे येतात, आणि ते सगळं गुळाच्या काहिलीखाली जातं. तक्रारी झाल्या, माणसं येऊन बघून गेली, चार दिवस धूर कमी झाला, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मी घरी ब्लाउज शिवते. पांढरं कापड मशीनवर ठेवून जेवायला उठलं तर येईपर्यंत त्यावर काळे ठिपके. गिऱ्हाइकाला काय सांगायचं, गुळाचे डाग आहेत म्हणून? त्यामुळे खिडक्या बंद, आणि खिडक्या बंद म्हणून एसी. पश्चिमेच्या खोलीत तो बसवला आणि माझी मशीनही तिथेच नेली.

यंदाच्या उन्हाळ्यात त्या खोलीतून मशीन बाहेर काढावी लागली, कारण आबा राहायला आले.

आबा म्हणजे माझे वडील. निमोण्याच्या शिवारात आमची वस्ती आहे, तिथे ते माझ्या भावाजवळ राहतात. आई जाऊन बरीच वर्षं झाली. होळी झाली की आबांची बाज लिंबाखाली जायची ती पावसाळा लागेपर्यंत तिथेच असायची. पाहुणा आला, ताप आला, घरात लग्न असलं तरी झोपायला बाज आणि लिंब. आम्ही पोरं कंटाळून आत पळायचो, पण आबांनी उन्हाळ्यात छपराखाली पाठ टेकलेली मला आठवत नाही.

पण आता तिकडे बिबट्या झाला आहे. ऊस वाढला, पाणी वाढलं, आणि त्याच्यासोबत हेही. शेजारच्या वस्तीवरचं वासरू दावणीवरून गेलं. मग एका संध्याकाळी आमच्या कुत्र्याची नुसती साखळी राहिली. वनखात्याने उसाच्या कडेला पिंजरा आणून ठेवला, आत शेळी बांधली. बिबट्या मानगूट धरतो म्हणून बायका उसात खुरपायला जाताना गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालायला लागल्या. माझी भावजय तसा पट्टा घालून भाकरी थापताना मी पाहिली आहे. काढायचं विसरली होती बिचारी.

एवढं होऊनही आबा बाहेरच झोपायचे. भावाने सांगून पाहिलं, ओरडून पाहिलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. बाज उचलून आत ठेवली तर आबा जमिनीवर घोंगडी टाकून लिंबाखाली. शेवटी भावाचा मला फोन आला. "म्या आता रोज राखण करू का रानात जाऊ? तू ने त्यास्नी. तुझ्याकडं एसी हाय, तिथं तरी झोपतील." मग एका रविवारी आम्ही दोघं गाडी घेऊन गेलो आणि आबांना न्हावऱ्यावरून, पारगावचा पूल ओलांडून केडगावला आणलं. हिवाळ्यापासून त्यांना खोकला होता, त्याचं निमित्त सांगितलं. डॉक्टरला दाखवू, चार दिवस राहा. बिबट्याचं नाव काढलं असतं तर ते गाडीत बसलेच नसते.

आमच्यात बाप लेकीच्या घरी राहत नाही. येतो, चहा घेतो, नातवंडांच्या हातावर काहीतरी ठेवतो आणि दिवेलागणीच्या आत निघतो. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा जड, असं आबा आम्हाला हसत सांगायचे, पण पाळायचे मात्र न हसता. त्यामुळे आबा माझ्या घरी चार दिवसांच्या पुढे राहिले हेच मला मोठं वाटलं. ते ताटात पडेल ते खायचे. मीठ कमी असलं तरी चालायचं, भाकरी करपली तरी चालायचं. चहा अर्धा कप, आणखी विचारलं तर मान हलवायचे. आमच्या ह्यांना साखरेचा त्रास आहे, म्हणून आमचा चहा बिनसाखरेचा. आबा तोही तसाच प्यायचे. मला वाटलं, वयाने माणूस निवळतो.

झोपेचं मात्र जमेना. पहिल्या सकाळी मी विचारलं तर म्हणाले, "झोप न्हाई लागली बघ. छातीवर कुणीतरी गार फरशी ठेवल्यागत वाटलं."

आमच्या एसीवर तेव्हा चोवीस होतं आणि वारा सरळ अंगावर. पलंग फिरवावा तर पाय दक्षिणेला येत होते, ते आबांना चालणार नव्हतं. म्हणून मी मेकॅनिकला फोन केला. त्याने येऊन सगळं नीट सांगितलं. सत्तावीसच्या खाली जायचं नाही. पंखा सगळ्यात बारीक. पाती वरच्या बाजूला, म्हणजे गारवा छताला लागून हळूहळू खाली उतरतो, अंगावर आदळत नाही. छताचा पंखा एकवर. आणि रिमोटवर पानाचं चित्र असलेलं एक बटण होतं, जे मी आजवर दाबलंच नव्हतं. ते दाबलं की वारा आपोआप कमीजास्त होतो. "काकू, एकदम नॅचरल. बागेत बसल्यासारखं," तो म्हणाला.

मी सगळं तसं केलं. मला स्वतःला बरं वाटलं. वारा यायचा, मंदावायचा, पुन्हा यायचा. मी मोठ्या कौतुकाने आबांना विचारलं, "आता कसं वाटतंय?"

आबा थोडा वेळ डोळे मिटून पडून राहिले. मग म्हणाले, "हा मोजून थांबतोय."

"म्हणजे?"

"दर टायमाला तेवढाच थांबतो आन् तेवढाच येतो. वारा असा मोजून थांबत न्हाई, बाय. खळ्यावर उफणायला उभं राह्यलं की कवा कवा सूप डोक्यावर धरून हात भरून यायचं, तरी पान हलायचं न्हाई. आन् सूप खाली ठिवलं रे ठिवलं की सुटायचा. लई खोडील असतो त्यो."

हे सांगताना ते हसत होते, पण मी हसले नाही. मला राग आला. दिवसभर मशीनवर पाठ मोडून घ्यायची, वर मेकॅनिक आणायचा, आणि यांना खोडकर वारा पाहिजे. मी म्हणाले, "आबा, मशीन आहे ते. त्याच्याकडून किती अपेक्षा करायची?" माझा आवाज चढला असावा, कारण ते लगेच म्हणाले, "न्हाई न्हाई, ब्येस हाय की." त्यानंतर त्यांनी एसीबद्दल एक शब्द वाकडा काढला नाही. कधीही विचारा, ब्येस हाय. मी त्या ब्येसवर विसंबले.

पण खोडकर वाऱ्याचं माझ्या डोक्यात राहिलं होतं. रागावले तरी मुलगी बापाचीच. दुपारी ते जेवून आडवे झाले की मी हातशिलाई घेऊन त्यांच्या पायथ्याशी बसायला लागले आणि रिमोट माझ्याजवळ ठेवला. नुसता पंखा चालू करायचा, वाढवायचा, मध्येच बंद करायचा. हुक लावून होईपर्यंत बंद, काज सुरू केलं की चालू. कधी विसरायचे, तेवढा वेळ वारा पडलेला. मग आठवण झाली की एकदम झोत. गंमत म्हणजे आबांना झोप लागायची. तोंड उघडं टाकून, हात छातीवर ठेवून, लहान पोराला लागावी तशी गाढ. त्या दुपारी मला फार सुखाच्या वाटल्या. आईच्या माघारी त्यांच्या जवळ इतका वेळ मी कधी बसले नव्हते.

आता प्रश्न एवढाच होता की माझ्या हातात कायम रिमोट राहणार नव्हता. स्वयंपाक होता, गिऱ्हाइकं होती. एरवी मी सत्तावीसवर लावून, पानाचं बटण दाबून, दार ओढून घ्यायचे आणि कामाला लागायचे. खोली गार राहावी म्हणून दाराखाली जुनी चादर गुंडाळून लावायची.

आणि खोकला वाढत चालला. आबा आले तेव्हा कोरडा होता, आता छातीतून खर्जात यायला लागला. आबा बोलता बोलता थांबायचे आणि गुडघे धरून बसायचे. डॉक्टर म्हणाले, गार हवेने होत असेल, एसी बेताने वापरा. मी अठ्ठावीस केलं. फरक नाही. एकोणतीस केलं. ह्यांनी एसीच्या जाळ्या काढून धुतल्या. तरी फरक नाही. मला भीती वाटायला लागली. परत पाठवावं तर तिकडे लिंबाखाली बिबट्या, आणि इथे ठेवावं तर माझ्या एसीने माणूस जातोय. मी वड्याचं तेल वांग्यावर काढत होते. गुऱ्हाळवाल्यावर जो राग काढायचा तो ह्यांच्यावर, आबांवर जो काढायचा तो मशीनच्या दोऱ्यावर.

त्यात एक गोष्ट मला रोज खटकायची. आबा सकाळी स्वतःचा पंचा स्वतः धुवायचे. ज्या माणसाने उभ्या जन्मात स्वतःची कपबशी उचलून मोरीत ठेवली नाही, तो माझ्या मोरीत बसून साबण लावून पंचा घासायचा. मी हातातून ओढायला गेले तर म्हणायचे, "राहू दे. लेकीला धुणं लावू का?" मला ते लागायचं. मी परकी झाले असं वाटायचं.

एका दुपारी मी शिवलेले ब्लाउज द्यायला स्टेशनकडे गेले होते. गिऱ्हाईक घरी नव्हतं म्हणून लवकर परतले. गुऱ्हाळाकडून धूर सरळ आमच्या अंगावर येत होता, तोंडाला पदर लावून मी बोळात वळले, आणि थांबले. पश्चिमेची खिडकी सताड उघडी होती. गजांना आबांचा ओला पंचा ताणून बांधलेला. बाहेरच्या भिंतीवर एसीचं यंत्र धडधडत होतं, त्याच्या नळीतून पाणी गळत होतं. म्हणजे एसीही चालू आणि खिडकीही उघडी.

मी आत गेले. आबा पलंगाच्या कडेला, खिडकीकडे तोंड करून बसले होते. दाराखालची माझी चादरही त्यांनी काढून ठेवली होती. पांढरा पंचा मधोमध काळा पडला होता, तव्याच्या बुडाला पुसल्यासारखा. आता मला त्या सकाळच्या धुण्याचा अर्थ कळला.

"कधीपासून?" मी विचारलं.

आबांनी पंच्याची सैल गाठ आवळली.

"रोज?"

"तू गेलीस की जरा उघडतो. पंचा भिजवून लावतो, म्हंजी धूर कमी येतो."

"आणि एसी? तो तरी बंद करायचा."

"तू लावून गेलीस. मी कसा बंद करू?"

उलट तेच मला समजावायला लागले, जणू चूक माझीच झाली होती. "हे बघ. कांदा चाळीत भरतो तवा खालून वारं जायला जागा ठेवतो का न्हाई? एका बाजूनं येतं, दुसऱ्या बाजूनं जातं. न्हाईतर कांदा सडतो. तुझं हे वारं येतं कुठनं ते कळतं, पर जातं कुठं? खोलीतल्या खोलीत फिरतंय. मी काय कांद्यापरीस गेलोय व्हय?" आणि त्यांना खोकल्याची उबळ आली.

त्यांचं ते कांद्याचं बोलणं आज मला आवडतं. त्या वेळी माझा तोल गेला. मी किती बोलले ते अजून आठवतं. तुमच्यासाठी मी काय काय केलं, तुम्ही विष ओढून घेत होतात आणि मला ब्येस म्हणत होतात, डॉक्टरला फसवलंत, मला फसवलंत. आणि शेवटी, "एवढाच वारा पाहिजे तर जा त्या बिबट्याच्या तोंडी." आबा खाली मान घालून ऐकत होते. त्यांनी उठून एसी बंद केला नाही, खिडकीही लावली नाही. दोन्ही मीच केलं.

संध्याकाळी त्यांनी माझ्या फोनवरून भावाला फोन लावायला सांगितला. मला वाटलं माझी तक्रार करतील. ते म्हणाले, "मला पिंजरा करा."

भावाला आधी कळलंच नाही. आबा म्हणाले, "लिंबाखाली जाळीची खोली करून घ्या. बाज मावंल एवढी. वरनं पण जाळी. आजूबाजूच्या वस्त्यांवर केल्यात की लोकांनी वट्याला. त्या वनखात्याच्या पिंजऱ्यात बिबट्या काय जाईना, म्हटलं मीच जातो." आणि माझ्याकडे बघून हसले. मी तोंड फिरवलं, कारण मला रडू येत होतं.

भावाने वेल्डर आणून महिना पुरा व्हायच्या आत ते करून घेतलं. आबांना पोचवायला आम्ही गेलो. लिंबाचा बुंधा एका बाजूला धरून लोखंडी जाळीची खोली, वर जाळी, समोर दार, दाराला आतून कडी. मधोमध त्यांची बाज. मला ते बघवेना. कोंबड्यांना करतात तसं माझ्या बापाला केलेलं. पण आबा आत गेले, बाजेवर बसले, हाताने दोरी चाचपली आणि मला म्हणाले, "चहा टाक जा. आन् साखर हात आखडून घालू नगंस. तुझ्याकडं म्हयनाभर औषीद पिल्यागत चहा पेलो."

मी चुलीशी गेले. महिनाभरात त्यांनी मला मागितलेली ती पहिली गोष्ट होती, आणि ती त्यांनी स्वतःच्या दारात मागितली. साखर किती घातली ते मलाच कळलं नाही, पण आबा कप पालथा करून प्यायले आणि आणखी मागितला.

दुपार कलली तशी पश्चिमेकडून वाऱ्याची झुळूक आली. जाळीतून आली, आबांच्या अंगावरून गेली, पलीकडच्या जाळीतून बाहेर पडली. मग वारा पडला. मी खाली घोंगडीवर बसले होते. बराच वेळ पान हललं नाही. आबा डोळे मिटून म्हणाले, "पडला बघ. जरा हातानं घाल." मी कोपऱ्यातलं सूप घेतलं आणि त्यांना वारा घालत बसले. मध्येच थांबायचे, पुन्हा घालायचे, न मोजता. ते झोपले. झोपेत खोकले नाहीत.

ते उठायच्या आत मी दाराशी जाऊन आतली कडी बघितली. नवीन, जड, गंज धरू नये म्हणून ग्रीस लावलेली. सरकवायला माझा सगळा जोर लागला. बाहेर येऊन भावाला म्हणाले, "त्यांना ही लागते का?" तो म्हणाला, "लागंल. पर रातीतनं दोनदा उठत्यात ते, दर टायमाला काढायची आन् लावायची. लावतो म्हणत्यात." आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. वेल्डर पुन्हा येईल तेव्हा सैल करून घेऊ, असं ठरलं. तो अजून आलेला नाही.

खोकला आता पुष्कळ कमी आहे. आमच्याकडे पश्चिमेच्या खोलीत मशीन परत गेली. खिडकी बंद असते, एसी सत्तावीसवर असतो, पानाचं बटण मी दाबत नाही. वनखात्याने पिंजऱ्यातली शेळी बदलली, असं भाऊ सांगत होता. बिबट्या अजून सापडलेला नाही.

भावाने आबांना आता साधा फोन घेऊन दिला आहे. रोज जेवणं झाली की मी त्यांना फोन करते.

"आबा, कडी लावली का?"

"व्हय. लावली."

"नक्की?"

"ब्येस लावली, बाय."

"वाजवून दाखवा."

मग ते फोन दाराजवळ धरतात आणि कडी वाजवतात. खडखड, खडखड. पाठोपाठ लिंबातून जाणारं वारंही मला ऐकू येतं. आबा विचारतात, "आली ऐकू?" मी आली म्हणते आणि फोन ठेवते. कडी लावलेली नसली तरी अशीच वाजते. त्या दिवशी मी हलवून बघितली आहे.